ओव्हर द कॅप: एनएफएलच्या ऑफ-सीझनचा हिशोब मांडणारी साइट कितपत कामाची?

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, मार्च उजाडला की चांगले खेळणारे खेळाडूही भराभर मोकळे होतात, आणि बातमीत कारण एका शब्दात उरकलेलं असतं: कॅप, म्हणजे संघाला खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करता येईल याची लीगने घातलेली मर्यादा. नेमके कोणत्या वर्षीचे किती पैसे वाचले, याच खेळाडूला का सोडलं आणि त्याच्याहून महागड्याला का ठेवलं, हे कळायचं तर करार उघडून बघावा लागतो. 'ओव्हर द कॅप' ही साइट बत्तीसही संघांचे करार वर्षावार उघडे करून ठेवते, आणि त्यासाठी एक पैसा मागत नाही. जेसन फिट्झजेराल्ड यांनी ती सुरू केली आणि आज पत्रकारांपासून एजंटांपर्यंत अनेकजण तिचे आकडे वापरतात. अमेरिकेत राहून तिथल्या संघाच्या प्रेमात पडलेल्या मराठी प्रेक्षकांना आणि इथे रात्री जागून सामने बघणाऱ्यांना ती नक्की उपयोगाची आहे. फक्त ती वाचायची कशी हे ठाऊक हवं, नाहीतर बरोबर आकड्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो.

आधी आकड्यांची भाषा. साइटवर रक्कम पूर्ण डॉलरमध्ये आणि अमेरिकन पद्धतीच्या स्वल्पविरामांनी दिसते. २१,२५५,००० दिसलं की ते दोन कोटी बारा लाख पंचावन्न हजार समजायचं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एवढं पक्कं केलं की सगळं सोपं होतं. १९९४ मध्ये कॅप लागू झाली तेव्हा ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. मधे कोविडमुळे मैदानं रिकामी राहिली आणि २०२१ साली ती १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आली. पैसे पुढच्या वर्षांवर ढकलायची आजची बरीचशी सवय त्या वर्षी वाढली.

आयपीएलच्या पर्सची सवय असलेल्याला इथे पहिली ठेच लागते. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी रुपयांची होती आणि खेळाडूवर लावलेली बोली सरळ त्यातून वजा होत होती. एनएफएलमध्ये खेळाडूच्या हातात आज पडलेला पैसा आणि कॅपच्या वहीत आज लिहिलेला पैसा हे दोन वेगळे आकडे असतात. साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) खेळाडूला लगेच किंवा वर्षभरात मिळतो, पण कॅपमध्ये तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, सारखा वाटला जातो. ऑफ-सीझनमधले जवळजवळ सगळे अवघड निर्णय या एका नियमातून निघतात.

कॅप स्पेसचं पान

बहुतेक लोक साइट उघडून थेट इथे येतात. प्रत्येक संघापुढे कॅप स्पेस, इफेक्टिव्ह कॅप स्पेस, खेळाडूंची संख्या, चालू खेळाडूंवरचा खर्च आणि डेड मनी (सोडलेल्या खेळाडूंचा उरलेला बोजा) असे रकाने आहेत. पहिला रकाना सोडा, दुसरा बघा. ऑफ-सीझनमध्ये टॉप-५१ चा नियम असतो: नव्वद जणांचा ताफा असला तरी सर्वात महागड्या ५१ करारांचेच पगार मोजले जातात. फेब्रुवारीत एखाद्या संघाकडे चाळीसच खेळाडू करारबद्ध असतील तर त्याची कॅप स्पेस उगाच फुगलेली दिसते. उरलेल्या अकरा जागा किमान पगाराने भरल्या आणि ड्राफ्टमधून (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) येणाऱ्या नव्या पोरांचा खर्च धरला, तर प्रत्यक्षात हातात काय उरतं, ते इफेक्टिव्हचा रकाना सांगतो. हा एकच रकाना असता तरी साइटची शिफारस केली असती.

टॉप-५१ मुळे आणखी एक गोष्ट घडते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ३० लाखांचा खेळाडू घेतला म्हणून ३० लाख कमी होत नाहीत. तो यादीत शिरला की ५१ वा खेळाडू बाहेर पडतो. त्याचा पगार ९ लाख ६० हजार असेल तर प्रत्यक्ष बोजा २० लाख ४० हजारांचाच. (बाहेर पडलेल्याच्या बोनसचा वाटा मात्र मोजला जातोच.) त्यामुळे मे महिन्यात जागा संपलेली दिसत असूनही एखादा संघ तीन-चार अनुभवी खेळाडू घेतो, तेव्हा त्यात चमत्कार काही नसतो.

उलट बाजू सप्टेंबरात येते. हंगाम सुरू झाला की ५१ ची सवलत संपते. ५३ जणांचा संघ, जखमींच्या यादीतले खेळाडू आणि प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावासाठी ठेवलेले राखीव खेळाडू) सगळे मोजले जातात. २०२५ मध्ये प्रॅक्टिस स्क्वॉडचा किमान पगार आठवड्याला १३ हजार डॉलर होता. सोळा जण आणि अठरा आठवडे धरले तर ३७ लाखांहून जास्त होतात. जुलैत संघाकडे एक कोटी शिल्लक दिसली की चाहते नवा खेळाडू मागू लागतात, पण त्यातली बरीच रक्कम आधीच बोलून ठेवलेली असते. साइटचं पान हे आपणहून सांगत नाही, वजाबाकी आपल्याला करावी लागते.

एका खेळाडूची ओळ

संघाच्या पानावर प्रत्येक खेळाडूची एक ओळ असते: मूळ पगार, बोनसचा वार्षिक वाटा, रोस्टर बोनस (ठरलेल्या दिवशी संघात असल्याबद्दल), वर्कआउट बोनस, गॅरंटी (सोडलं तरी द्यावीच लागणारी रक्कम) आणि शेवटी कॅप नंबर, म्हणजे त्या वर्षी कॅपमध्ये धरली जाणारी त्याची एकूण रक्कम. पुढे डेड मनी आणि बचत हे दोन रकाने. वरच्या पर्यायांतून कट (करार मोडून सोडणं), ट्रेड (दुसऱ्या संघाला देणं), १ जूनआधी, १ जूननंतर, रिस्ट्रक्चर (पगार बोनसमध्ये वळवणं), एक्स्टेन्शन (करार वाढवणं) असं काही निवडलं की हे दोन रकाने बदलतात. साइटचा जीव इथे आहे.

खेळाडूला काढलं की त्याच्या बोनसचे पुढच्या वर्षांचे सगळे वाटे एकदम चालू वर्षावर येऊन पडतात, आणि गॅरंटी असलेला पगारही. तो डेड मनी. म्हणून कॅप नंबर दोन कोटींचा असला तरी बचत शून्य, किंवा शून्याच्याही खाली, असू शकते. बचत उणे दिसली की तो खेळाडू या वर्षी सुरक्षित आहे असं बहुतेक वेळा धरायला हरकत नाही. ट्रेडमध्ये गॅरंटीचा पगार नव्या संघाकडे जातो, बोनसचे वाटे जुन्या संघाच्याच माथी राहतात. म्हणून एकाच खेळाडूचे कट आणि ट्रेडचे आकडे वेगळे दिसतात. दोन्ही बघितल्याशिवाय मत बनवू नये.

१ जूनचा नियम इथे येतो. त्या तारखेनंतर खेळाडू गेला तर चालू वर्षाचाच वाटा या वर्षी, बाकीचे सगळे पुढच्या वर्षी. ॲटलांटा फाल्कन्सनी हुलिओ जोन्सला टेनेसीकडे ट्रेड केलं ते ६ जून २०२१ ला, आणि ती तारीख योगायोगाची नव्हती. २ कोटी ३२ लाख ५० हजारांचा बोजा एकदम अंगावर घेण्याऐवजी त्यांनी २०२१ मध्ये ७७ लाख ५० हजार आणि २०२२ मध्ये १ कोटी ५५ लाख असा वाटून घेतला. कट करताना संघांना आणखी मुभा असते: दोन खेळाडूंना मार्चमध्येच सोडून '१ जूननंतर' असा शिक्का मारता येतो. ट्रेडला तो शिक्का लागत नाही, तिथे खरोखर जूनपर्यंत थांबावं लागतं.

साइटचा कॅल्क्युलेटर, म्हणजे असे बदल करून आपला संघ बांधून बघायचं साधन, वापरणारे सर्वात जास्त फसतात ते याच ठिकाणी. 'कट, १ जूननंतर' निवडलं की बचतीचा आकडा झळकतो आणि माणूस तो लगेच दुसऱ्या खेळाडूवर खर्च करून मोकळा होतो. प्रत्यक्षात शिक्का मारलेल्या खेळाडूचा पूर्ण कॅप नंबर २ जूनपर्यंत वहीत राहतो. मार्चमध्ये फ्री एजंट (करार संपलेले मोकळे खेळाडू) घ्यायला त्या पैशांचा शून्य उपयोग. ती रक्कम ड्राफ्टमधल्या खेळाडूंचे करार आणि हंगामातल्या अडीअडचणींसाठी कामी येते. कॅल्क्युलेटरमध्ये आपला संघ बांधताना हे पर्याय शेवटी वापरा, आधी नाही.

डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सन यांचं प्रकरण या रकान्यांतून वाचलं तर सगळे नियम एकत्र दिसतात. मार्च २०२४ मध्ये त्याला सोडायचं ठरलं तेव्हा डेड मनी होता ८ कोटी ५० लाख, आणि त्या वर्षीची कॅप २५ कोटी ५४ लाख. एकदम घेतला असता तर एक तृतीयांश कॅप न खेळणाऱ्या माणसावर गेली असती. १ जूनचा शिक्का मारून तो २०२४ मध्ये सुमारे ५ कोटी ३० लाख आणि २०२५ मध्ये सुमारे ३ कोटी २० लाख असा फोडला. पण एवढा बोजा घेऊन सोडलं तरी का? कारण लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यापासून पाचव्या दिवशी, १७ मार्चला, त्याच्या २०२५ च्या पगारातले ३ कोटी ७० लाख गॅरंटीत जाणार होते. आणखी आठवडा-दोन आठवडे थांबणं एवढं महाग पडलं असतं.

पुढचं नाट्य पिट्सबर्गमध्ये झालं. ब्रॉन्कोजना त्या वर्षी त्याला ३ कोटी ९० लाख देणं भागच होतं, आणि करारात ऑफसेट होता, म्हणजे दुसरा संघ जे देईल तेवढं डेन्व्हरच्या देण्यातून कमी होणार. मग पिट्सबर्ग स्टीलर्सनी जास्त का द्यावं? त्यांनी किमान पगारावर, १२ लाख १० हजारांत, त्याला घेतलं. इकडे ब्रॉन्कोजनी ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर बो निक्स घेतला. त्याचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे १ कोटी ८६ लाखांचा. क्वार्टरबॅक एवढा स्वस्त मिळाला म्हणून तो डेड मनी पेलता आला, आणि त्याच हंगामात संघ प्लेऑफमध्येही गेला. ऑफसेट मात्र साइटच्या कटच्या रकान्यात दिसत नाही, आणि दिसूही शकत नाही, कारण दुसरा संघ किती देणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. डेड मनीचा आकडा बघताना हे डोक्यात असू द्यावं.

रिस्ट्रक्चरचं बटण आणि त्याचा मोह

समजा अनुभवी खेळाडूचा २०२५ चा मूळ पगार २ कोटी १२ लाख ५५ हजार आहे आणि करार, शेवटची नावापुरती वर्षं धरून, पाच वर्षांचा उरला आहे. सात किंवा जास्त वर्षं खेळलेल्याचा त्या वर्षीचा किमान पगार १२ लाख ५५ हजार. तेवढा पगार ठेवून बाकीचे दोन कोटी बोनसमध्ये वळवले. खेळाडूला पैसे तेवढेच, उलट लवकर मिळतात, त्यामुळे तो नाही म्हणत नाही. बऱ्याच करारांत तर संघाला त्याला विचारायचीही गरज नसते. कॅपमध्ये दोन कोटींचे पाच वाटे, प्रत्येकी ४० लाख. या वर्षी १ कोटी ६० लाख वाचले. साइटवर हे एका क्लिकचं काम आहे, आणि दहा क्लिक केले की कुठलाही संघ श्रीमंत दिसतो.

पण त्याच खेळाडूचं पुढच्या वर्षीचं पान उघडा. तिथे ४० लाख वाढलेले असतात, आणि त्याला सोडायचं म्हटलं तर जुन्या बोनसच्या वर हे १ कोटी ६० लाख डेड मनी म्हणून उभे राहतात. १ जूनचा शिक्का वापरला तर ४० लाख त्या वर्षी आणि १ कोटी २० लाख त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे आज जे वाचलं, त्यातला एक पैसाही माफ झालेला नाही. म्हणून कॅल्क्युलेटरमध्ये चालू वर्ष बदलल्यावर लगेच पुढची दोन वर्षं उघडून बघायची शिस्त ठेवावी. साइटवर ती सोय आहे, फार कमी लोक वापरतात.

नावापुरती वर्षं, म्हणजे व्हॉइड इयर्स, साइटवर करारात वेगळी दिसतात, ही तिची मोठी जमेची बाजू. या वर्षांत खेळाडू संघात नसतो. बोनसचे वाटे पाडायला जागा मिळावी म्हणून ती जोडलेली असतात. करार आपोआप संपला की उरलेले सगळे वाटे एकाच वर्षात पडतात. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त झाला आणि टॅम्पा बेच्या त्या वर्षीच्या कॅपमध्ये त्याच्या नावाचे ३ कोटी ५१ लाख राहिले. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला होता, आणि पुढच्याही दोन हंगामांत त्याच खेळाडूंना धरून ठेवण्याची ही किंमत होती. आमच्या मते ती देण्यासारखी होती. न्यू ऑर्लीन्स सेंट्सचं उदाहरण उलट आहे: त्यांचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ निवृत्त झाल्यानंतरही वर्षानुवर्षं हेच करत राहिल्याने दर मार्चमध्ये कॅपखाली यायलाच त्यांची सगळी ताकद खर्च होत आली. फिलाडेल्फिया ईगल्सही पैसे पुढे ढकलतात, पण बहुतेक करून तरुण आणि टिकणाऱ्या खेळाडूंचे. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला २०२३ मध्ये पाच वर्षांचे साडेपंचवीस कोटी दिले, त्या वर्षीचा त्याचा कॅप नंबर मात्र साठ-बासष्ट लाखांच्या घरात होता. तेच बटण, तेच गणित. फरक खेळाडूच्या वयाचा आणि गुडघ्यांचा. तो साइटच्या कुठल्याच रकान्यात सापडणार नाही.

रोख पैशाचंही तसंच. बोनस म्हणजे मालकाला आज चेक फाडावा लागतो. शिवाय पुढच्या वर्षांची गॅरंटी द्यायची तर लीगच्या नियमांप्रमाणे त्यातली मोठी रक्कम आधीच बाजूला ठेवावी लागते. एखादा संघ रिस्ट्रक्चर का करत नाही, याचं उत्तर अनेकदा कॅपच्या पानावर नसून रोख खर्चाच्या पानावर असतं. साइटवर तेही आहे, जरा खोल दडलेलं.

कुठे जपून राहायचं

करार जाहीर झाल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतले आकडे कच्चे असतात. 'तीन वर्षं, सहा कोटींपर्यंत' अशी बातमी एजंटकडून येते. त्या 'पर्यंत'मध्ये कामगिरीवरचे बोनस धरलेले असतात. खरा ढाचा काही दिवसांनी बाहेर येतो आणि पानावरचे आकडे बदलतात. कामगिरीवरच्या बोनसचा नियम असा की, खेळाडूने ती कामगिरी मागच्या वर्षी केली असेल तर रक्कम आजच्या कॅपमध्ये धरतात. केली नसेल तर आज धरत नाहीत, आणि यंदा मिळवली तर पुढच्या वर्षी वजा करतात. मार्चमध्ये संघाची कॅप काही लाखांनी अचानक इकडेतिकडे झाली तर हे एक कारण असू शकतं.

मागच्या वर्षीची न वापरलेली कॅप संघ पुढे नेऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक संघाची खरी मर्यादा वेगळी असते. हा आकडा पडताळायचा तर खेळाडूंच्या संघटनेचा सार्वजनिक कॅप अहवाल बघावा. संघाची एकूण शिल्लक तिथे मिळते, पण खेळाडूवार तपशील मात्र तिथे नाहीत. दोन्हींत थोडा फरक दिसला तर घाबरू नये, नोंदी चढायला वेळ लागतो. फरक पन्नास लाखांच्या वर गेला तर बहुधा एखादा करार अजून चढायचा आहे.

स्पोट्रॅक हा दुसरा मोठा पर्याय. एनबीए, बेसबॉल, एमएलएस असे इतर खेळही बघायचे असतील तर तो घ्यावा. तिथली काही साधनं पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. फक्त एनएफएल बघायचं असेल तर ओव्हर द कॅपच्या रकान्यांची मांडणी जास्त थेट आहे आणि कॅल्क्युलेटर हाताळायला सोपा. फोनवर मात्र ही रुंद कोष्टकं वाचणं त्रासाचं आहे. फोन आडवा धरा, किंवा सरळ लॅपटॉप घ्या.

शेवटी एक पान, जे नवखे हमखास वगळतात: कॉम्पेन्सेटरी पिक्सचं, जे निक कोर्ट सांभाळतात. करार संपून बाहेर गेलेले खेळाडू आणि बाहेरून घेतलेले खेळाडू यांची तिथे जोडीने वजाबाकी केलेली असते. जास्त गमावलेल्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीत जास्तीची निवड मिळते, जास्तीत जास्त चार. कट झालेला खेळाडू या हिशोबात धरत नाहीत. म्हणून ज्या संघाला ती निवड हवी असते तो मार्चमध्ये करार संपलेल्यांकडे न जाता दुसऱ्यांनी कट केलेले खेळाडू शोधतो. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतलेलाही कोणी धरला जात नाही. २०२५ मध्ये तो सोमवार २८ एप्रिलला होता. एखादा चांगला अनुभवी खेळाडू एप्रिलभर घरी बसलेला दिसला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात त्याचा करार झाला, तर हे पान उघडून त्या संघाच्या ओळीत किती निवडी पणाला लागल्या होत्या ते बघा.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं एक: लीगचं नवं वर्ष अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी चारला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता, २०२५ मध्ये ते १३ मार्चच्या पहाटे होतं. त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या खाली असावाच लागतो, त्यामुळे कट आणि रिस्ट्रक्चरच्या बातम्या त्याआधीच्या दोन-तीन रात्रींत दाटतात. कॅप स्पेसचं पान एकदा त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि एकदा सकाळी बघितलं तर कोणत्या संघाने काय हलवलं हे शेजारी शेजारी ताडून घेता येतं.